दोन रिंगा

३ मे २००९, रविवार

“भिंतीवर दोनदा ठोक, मी उठून येईन.”

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना नाहीद मला असं म्हणाली होती. नागपूरच्या होस्टेलमध्ये तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. मला टायफॉइड झाला होता, आई तेव्हा लांब गावी होती आणि घरून येण्यासारखं कुणी नव्हतं. मी ठोकायचे, ती यायची. कधी पेजेची वाटी घेऊन, कधी नुसतीच, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. आज सकाळी आरमोरीच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा हेच वाक्य मनात होतं. कारण गेल्या महिन्यात तिचा फोन आला आणि ती म्हणाली, सुमे, या वेळी मी ठोकून राह्यली, तू ये.

म्हणून आले. आई गेल्यापासून नागपूरच्या घरात मला माझ्याच चपलांचा आवाज नकोसा झाला होता.

नाहीद जीप घेऊन स्टँडवर आली होती. जाड झाली आहे, केस मेंदीने लाल. भर स्टँडवर तिने मला असं आवळलं की माझा चष्मा वाकडा झाला. मुलीचं, कहकशाँचं लग्न आहे, म्हणून ती पंधरा-वीस दिवस आरमोरीला माहेरी राहणार आणि तोवर कोहकाटोल्याचा दवाखाना मी सांभाळायचा. आवडलं तर कायमची राहा, असंही दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने कळवलं आहे.

आवडलंच. दवाखाना लहान आहे. पुढे व्हरांडा, मग तपासणीची खोली, बोळ, आणि बोळाच्या टोकाला बाळंतपणाची खोली. मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बांधणाऱ्याने दगडी भिंती हातभर जाड केल्या आहेत आणि वर पत्रा, त्यामुळे आत मोबाइल कधी लागतच नसे. नाहीद फोन खिडकीच्या गजाला कापडी पिशवीत टांगून ठेवायची, वाजला की धावत जायचं. आता आत बूस्टर बसवला आहे. जीप चालवणारा सुनिल म्हणाला, आधी लोक रेंज शोधायले झाडावर चढत अन् हात मोडून दवाखान्यात येत, ह्या बूस्टरनं तर आपला धंदाच बसवला, बाई.

इथली एक रीत मला फार गोड वाटली. गावोगावच्या लोकांकडे फोन आले आहेत, पण बोलण्यावर पैसा कुणी घालवत नाही. मिस कॉल देतात. एक रिंग म्हणजे आम्ही पेशंट घेऊन निघालो. दोन रिंगा म्हणजे निघता येत नाही, दवाखान्यातल्या बाईला घेऊन गाडी पाठवा. ही रीत नाहीदनेच लावली. मी म्हणाले, ही तर आपलीच भिंत! ती हसली, पण हसताना जीपच्या बाहेर बघत होती.

संध्याकाळी तिने दवाखान्याचा फोन काळ्या दोरीसकट माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, इथी नाव कोणी इचारत नाई, ज्याच्या गळ्यात फोन ते फोनवाली बाई. तिच्या मोकळ्या गळ्यावर दोरीचा पांढरा वळ उमटलेला दिसला. त्यावरून तिने दोन-तीनदा हात फिरवला.

४ मे, सोमवार

बूस्टर बसवणारा अकरम चंद्रपूरहून आला. नाहीदच्या चुलत बहिणीचा मुलगा. शेवटची जुळणी बाकी होती. छपरावर लोखंडी पाइप, पाइपावर आरमोरीच्या टॉवरकडे तोंड केलेली अँटेना. तिथून काळी वायर झरोक्यातून आत, बोळातल्या भिंतीवरच्या डब्यात. डब्यातून दुसरी वायर बाळंतपणाच्या खोलीत, छताला लावलेल्या पांढऱ्या वाटीत, ती आतली अँटेना. बाहेरची अन् आतली एकमेकींच्या लई जवळ आणायच्या नाईत, तो म्हणाला, नाहीतर डब्बा स्वतःचीच हाक आयकते अन् कोकलत बसते.

मी त्याला दिव्यांचं विचारलं. लाल दिवा म्हणजे डबा चालू. हिरवा मात्र तेव्हाच लुकलुकतो, जेव्हा घराच्या आतून कुणी फोनवर असतं. बाहेरच्या फोनशी त्याला देणंघेणं नाही.

अकरम वर चढलेला असताना नाहीदने मला सोमारीबद्दल सांगितलं. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची. गेल्या पावसाळ्यात दिवस भरले, कळा लागल्या. नवरा पत्रू तिला घेऊन निघाला, पण नाल्याशी ती बसली ती उठेना. तिथे एक मोठा दगड आहे, त्याच्यावर रेंज येते. तिथून ती रिंगा देत राहिली आणि इकडे दगडी भिंतींच्या आत फोन वाजलाच नाही. पत्रू तिला सोडून पळत आला, तोवर उशीर झाला होता. बाळही गेलं. ही हकिगत ऐकूनच कुण्या देणगीदाराने बूस्टर दिला. सांगताना नाहीद कापसाचे बोळे करत होती. मी तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा ती म्हणाली, रेंजच नव्हती ना, सुमे, कोण काय करन.

जेवण करून ती अकरमबरोबर निघून गेली. निरोपाला मागे वळून पाहिलं नाही. लग्नघरची घाई.

७ मे, गुरुवार

तेंदूपत्त्याचा, बिडीच्या पानांचा हंगाम आहे. पहाट फुटायच्या आत गावं जंगलात जातात आणि दुपारी सगळे घरी बसून पुडे बांधतात. पेशंट अगदी थोडे. एक विंचू, दोन जुलाब, एका म्हातारीचा कान. म्हातारीने फी म्हणून मूठभर चारोळी दिली आणि मी किती वाळलेली आहे यावर बायकांना काहीतरी सांगितलं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

आज दुपारी पहिल्यांदा दोन रिंगा आल्या. नंबर फोनमध्ये नाव घालून ठेवलेला नव्हता. मी उलट फोन लावला. लागला. आधी पाण्याचा आवाज, मग कळ सोसताना बायका घेतात तसा, आवळून धरलेला श्वास. तो श्वास मी वीस वर्षं ऐकला आहे, तो चुकायचा नाही. मी विचारलं, कुठे आहेस बाई? ती म्हणाली, इथीच. मी म्हणाले, घाबरू नको, येते.

सुनिलला हाक मारली, बॅग घेतली. तो निघाला उत्साहाने. रस्त्यात त्याने नंबर पाहिला आणि जीप बाजूला घेतली. म्हणाला, बाई, हे चुकून लागलं असन, परत चाला. मी ऐकलं नाही. फोनवर पाणी ऐकलं होतं म्हणून नाल्यापर्यंत गेलो. नाला कोरडा ठणठणीत. कुणीच नव्हतं.

परत येताना लक्षात आलं, मे महिन्यात मी पाण्याचा कसला आवाज ऐकला?

९ मे, शनिवार

दुपारी बोळात खुर्ची टाकून बसले होते, तिथे जरा गार असतं. फोन माझ्या हातात, गप्प. समोर भिंतीवर डबा. लाल दिवा, नेहमीसारखा.

हिरवा लुकलुकायला लागला.

सुनिल बाहेर कडुनिंबाखाली झोपला होता. त्याचा फोन जीपमध्ये, मी जाऊन पाहिला. पेशंट कुणी नाही. परत आत आले. दिवा थांबला, आणि त्याच क्षणी माझ्या हातातला फोन वाजला. दोन रिंगा. तोच नंबर.

म्हणजे जे कुणी मला रिंग देत होतं, ते घराच्या आतून देत होतं.

सगळ्या खोल्या पाहिल्या. बाळंतपणाच्या खोलीत खिडकी बंद, टेबल पुसलेलं, रबरी शीट घडी घातलेली. काही नाही. फक्त एक वास. पाण्याची पिशवी फुटते तेव्हा येतो तो, गोडसर, उबदार. या खोलीत गेल्या दोन महिन्यांत बाळंतपण झालेलं नाही.

नाहीदला फोन केला. ती हसून म्हणाली, डब्बा बिघडला असन, अकरमले सांगते. मागे ढोलक चालू होती. मी विचारलं, तुझ्या वेळी असं कधी झालं? ती म्हणाली, तुझा आवाज तुटून राह्यला, सुमे. माझ्याकडे तर रेंज पूर्ण होती.

११ मे, सोमवार

रोज येतात. कधी सकाळी, कधी भर दुपारी. दुर्लक्ष करून कसं चालेल? काल मी ठरवून उलट फोन लावला नाही, तर तासाभराने टोल्यावरून एक माणूस पळत आला. त्याच्या सुनेला ताप चढून झटके येत होते आणि मधल्या दोन रिंगा त्याच्या होत्या. घाबरून मी नंबरच पाहिला नव्हता. सून वाचली. पण मला कळून चुकलं की यातून सुटका नाही. या फोनवर जिवंत बायकाही मला हाक मारतात. कान बंद करायचे तर सगळ्यांसाठीच बंद करावे लागतील.

आज पत्रू आला. पायाला कुऱ्हाड लागली होती. पाण्याचा आवाज, सुनिलने ओळखलेला नंबर, हे मनात होतंच; टाके घालताना मी त्याला सोमारीच्या फोनचं विचारलं. तो म्हणाला, फोन तिचा होता, तिच्यासंगच ठेवला. त्यांच्यात तसंच करतात. फणी, बांगड्या, जे तिचं ते तिच्याजवळ. मी म्हणाले, मला दाखवशील? त्याने माझ्या गळ्यातल्या दोरीकडे पाहिलं आणि उठला.

नाल्याकाठी, त्या रेंजच्या दगडाजवळच, एक उभा दगड रोवला आहे. पायाशी लाल फणी, लाखेच्या बांगड्या, पितळी लोटा आणि फोन. पाठीमागचं झाकण नाही, बॅटरी फुगून बाहेर आलेली, आकड्यांच्या बटणांमध्ये मुंग्यांनी माती भरलेली.

मी बघत असतानाच माझ्या गळ्यातला फोन वाजला. दोनदा. तोच नंबर. मुंग्या आपल्या चालतच होत्या.

पत्रूला भीती वाटलेली दिसली नाही. मोडक्यातोडक्या मराठीत तो सांगत गेला. आधी ती इथूनच हाक मारायची, पुरा पावसाळा, पुरा हिवाळा, आमाले आयकू ये. तिले दवाखान्यात जायचं होतं, भिंतीतून जाता येत नव्हतं. तुमी तार लावली, वाट केली. आता इथी शांत हाय. ती आत गेली.

मग तो म्हणाला, जुन्या बाईनं सांगितलं होतं तिले.

काय सांगितलं होतं?

जुनी बाई इथी आली होती, नवी बाई यायच्या आधी. दगडापाशी बसली, रडली. तिले म्हणली, आता मले रिंग देऊ नको, माझी मैत्रीण येऊन राह्यली, फोन तिच्या गळ्यात राहीन, तिले दे. ती मोठ्या मनाची हाय. ती येते.

पत्रूला वाटलं, हे मला माहीत असेल.

१२ मे, मंगळवार

सुनिलला समोर बसवलं. आधी त्याने उडवाउडवी केली, काऊन जुनं काढता बाई, म्हणाला. मग जमिनीकडे बघत बोलला.

त्या दिवशी फोन खिडकीत वाजत होता. खिडकीत रेंज यायची, बूस्टर नव्हता तेव्हाही यायची, म्हणून तर पिशवी तिथे टांगलेली होती. नाहीदने सलग बाळंतपणं केली होती, ती कितीतरी दिवस नीट झोपली नव्हती. एक पोरगी हर आठवड्यात खोट्या कळांसाठी रिंगा देई, तीच असन म्हणून बाईनं पिशवीतून फोन काढला. अंथरुणात नेला नाही, बंदही केला नाही. कपडे-हातमोजे निर्जंतुक करायच्या स्टीलच्या ड्रममध्ये टाकला आणि वरून झाकण लावून कडी घातली. ड्रममध्ये रेंज जात नाही. पत्रू आल्यावर धावपळीत सुनिलने हातमोज्यांसाठी ड्रम उघडला, तर फोन त्यातच होता.

जीप दारात उभी होती, बाई, तो म्हणाला. पाणी फक्त गुडघाभर होतं.

सगळ्यांना नाहीदने सांगितलं, रेंज नव्हती. त्या खोटेपणावर हा डबा उभा आहे.

दुपारी सुनिलला आरमोरीहून नाहीदचा फोन आला. लग्नाच्या सामानासाठी जीप हवी. तो गेला. जाताना माझ्याकडे बघवेना त्याला. म्हणाला, तुमीबी चाला बाई, ऐका माझं. कोसंबी गावातली एक पोर नवव्या महिन्याची आहे, तिच्या घरी हा नंबर आहे. मी गेले तर तिची रिंग कोण घेईल?

१३ मे, बुधवार

नाहीदने शेवटी फोन उचलला.

मी ओरडले नाही. मी फक्त विचारलं, दगडापाशी माझं नाव का घेतलंस. मग म्हणाली, मले झोप पायजे होती, सुमे. तेव्हाबी. आताबी. दहा महिने मी झोपली नाई. मी तिला म्हणाले की झोपेचं मी समजू शकते, त्या दुपारचं सुद्धा समजू शकते, मीही अशी थकलेली आहे. पण मला सांगायचं होतंस. मी कदाचित तरीही आले असते. ती म्हणाली, तू चांगली हायेस. तुझ्यावर सोमारी रागावणार नाई.

आणि ठेवला.

हे ती किती मायेने म्हणाली! होस्टेलात पेजेची वाटी पुढे करताना असाच आवाज असायचा. तेव्हाच तिने माझं मोजमाप घेऊन ठेवलं होतं का? कोण ठोकल्यावर येतं, कोण नाही याचं?

१४ मे, गुरुवार

डब्याची वायर काढली. लाल दिवा गेला. हिरवा लुकलुकतो आहे.

फोन वाजतोच. सकाळपासून. कोसंबीच्या पोरीचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावला आहे, दर वेळी ताडून बघते. तिचा नाही. तिचा नाही.

दुपारी मी ड्रम उघडला. फोन आत ठेवला. हात आपोआप झाकणाकडे गेला आणि मला कळलं, नाहीदचा हात असाच गेला असेल. किती सोपं आहे. कडी किती हलकी आहे. लावली.

आतून वाजला. स्टीलच्या आतून, दोनदा. आणि मग बोळाच्या टोकाकडून, हळू—

उघडला. फोन काढला. गळ्यात घातला. मला नाहीद व्हायचं नाही.

१५ मे, शुक्रवार

रबरी शीट टेबलावर पसरलेली आहे. मी नाही पसरली. ओली आहे. गरम आहे.

कोसंबीच्या पोरीची एक रिंग आली. एकच. म्हणजे ते निघालेत, बैलगाडीने, संध्याकाळपर्यंत पोचतील. तिला याच खोलीत, याच टेबलावर— दुसरी जागा नाही. सोमारी आधी मोकळी व्हायला हवी. बाई म्हणून मला एवढंच कळतं. टेबलावर एक असताना दुसरीला घेता येत नाही.

फोनवर तिला म्हणाले, मी ती नाही. मी त्या दिवशी इथे नव्हते. ती म्हणाली, बाई, तुमी फोनवाली. तिला राग नाही. तेच सहन होत नाही. मी मनापासून सांगितलं, मी येते, तर ती म्हणाली, तेव्हाबी तसंच म्हणलं होतं, मिस कॉल द्या, मी येते. तिला माझ्या येण्यावर विश्वास नाही. त्या दिवशी रिंग ऐकू आली होती, एवढं ती कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबली आहे. ज्या तोंडाने ‘मी येते’ सांगितलं होतं, त्याच्या. नाहीदच्या.

दुपार, नंतर

पाणी गरम ठेवलं. हात धुतले. हातमोजे.

बाळंतपणाच्या खोलीचं दार आपलं आपण लोटलं गेलं, मी बोळातच. श्वास ऐकू येतो, फोनशिवाय. कळा जवळजवळ येत आहेत—

बैलांच्या घुंगरांचा आवाज. लांब आहेत अजून.

भिंतीवर कुणी ठोकलं. दोनदा. त्या बाजूने.

मी नाहीदला रिंग दिली. दोन. आपल्याच रीतीने. कापली. परत दोन. लग्नघरात फोन कुठल्यातरी डब्यात असेल.

नाहीद, यायला सांगत नाही. तुला येता येणार नाही. फक्त उचल. मी फोन तिच्या कानाशी धरते, तू एवढंच म्हण की वाजत होता, मी ऐकला होता. एक वाक्य. ती पोर दारात यायच्या आत. मला ठाऊक आहे तू उचलणार नाहीस, तरी उचल, नाहीद, मी आत जाते आहे, एकदाच—